चंचल मन आणि उसनी शांती

(औंध येथे श्री यमाईदेवीच्या यात्रेत झालेली कीर्तनसेवा. ध्वनिमुद्रणावरून.)



पौषातली थंडी आहे. मूळपीठाचा डोंगर चढून तुम्ही आईचं दर्शन घेतलं, पायऱ्या उतरून खाली आलात, पाय बोलायला लागलेत, तरी मंडपात येऊन बसलात. तुमच्या पायांना माझा नमस्कार. ज्यांना इथं येता आलं नाही आणि जे पुढं कधीतरी हे पुस्तकात वाचतील, त्या माऊलींनाही नमस्कार. आजचं बोलणं त्यांच्यासाठी जास्त आहे. कारण ज्याच्या घरात हा विषय असतो, तो माणूस सहसा मंडपात पुढं येऊन बसत नाही. तो घरीच असतो, दार लोटून.

औंध नावाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. औंधासुर नावाचा दैत्य माजला, त्यानं लोकांना सळो की पळो केलं, आईनं त्याचा वध केला. लहानपणी ही कथा ऐकली की मला प्रश्न पडायचा. आईनं असुर मारला, मग यात्रेच्या रात्री गाडीतळाच्या मागं, बैलांच्या वैरणीवर झिंगून पडलेला तो माणूस कोण? मोठा झाल्यावर उत्तर मिळालं, कारण काही वर्षं त्या वैरणीवर मीच पडलेला होतो.

बोला, पुंडलिक वरदे हारी विठ्ठल.

आजच्या सेवेसाठी भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातली अर्जुनाची एक तक्रार घेतली आहे. देव त्याला ध्यान कसं करावं, आसन कसं असावं, मन कसं एकाग्र करावं हे सांगतायत. अर्जुन ऐकतो, ऐकतो, आणि शेवटी हात जोडतो. म्हणतो, देवा, तू सांगतोस ते सगळं खरं, पण हे मन काही हातात येत नाही. वाऱ्याला मुठीत धरायला सांगितल्यासारखं हे काम आहे.

आता गंमत बघा. ही तक्रार कोण करतंय? ज्याची एकाग्रता आपण पोरांना उदाहरण म्हणून सांगतो, तो. द्रोणाचार्यांनी विचारलं, काय दिसतं? कुणी म्हणालं झाड दिसतं, कुणी म्हणालं फांदी दिसते. अर्जुन म्हणाला, पक्ष्याचा डोळा दिसतो, बाकी काही नाही. तोच अर्जुन कुरुक्षेत्रावर म्हणतो की माझं मन माझ्या ताब्यात नाही!

म्हणजे एकाच माणसाच्या ठिकाणी दोन्ही असू शकतं. पक्ष्याचा डोळा दिसत असला की जग विसरणारं मन, आणि बाकीच्या वेळी वाऱ्यासारखं पळणारं मन. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

आणि देव काय म्हणाले? देवांनी अर्जुनाला आळशी म्हटलं नाही. "तुझ्यापेक्षा धर्मराज किती शांत बसतो बघ," असं सांगून कमी लेखलं नाही. देवांनी आधी कबूल केलं: होय रे बाबा, मन चंचल आहे, आवरायला अवघड आहे, यात शंकाच नाही. आधी दुखणं मान्य केलं, मग उपाय सांगितला. उपाय दोनच शब्दांचा, अभ्यास आणि वैराग्य. रोज थोडं थोडं करत राहणं, हा अभ्यास. आणि जे मनाला आणखी उधळतं ते खाली ठेवणं, हे वैराग्य. आजचं सगळं चिंतन या दोन शब्दांवर.

आता माझी गोष्ट सांगतो. मोठेपणा म्हणून नाही, लाज वाटते तरी सांगतो. कारण दुसऱ्याची गोष्ट सांगितली की माणूस टाळी वाजवतो, आणि स्वतःची सांगितली की स्वतःकडं बघतो.

माझा जन्म याच खटावच्या मुलखातला, माळकरी घरातला. वडील पंढरीचे वारकरी, घरात वीणा. आणि मी? शाळेत माझं नाव होतं वळवळ्या. बाकावर बसलो की पाय हलायचे. फळ्यावरचं गणित अर्धं उतरवलं की खिडकीबाहेरची चिमणी दिसायची, चिमणीवरून घरटं आठवायचं, घरट्यावरून आमच्या गोठ्याचं छप्पर, आणि तेवढ्यात पाठीत छडी. दप्तर विसरायचो, चप्पल विसरायचो. आईनं मीठ आणायला पाठवलं तर दुकानात जाऊन उभा राहायचो आणि काय आणायचं तेच आठवायचं नाही.

पण मृदंग पुढ्यात आला की तीन-तीन तास हलायचो नाही. जेवायला हाक मारली तरी ऐकू यायची नाही. म्हणून सगळे म्हणायचे, "याला येतं सगळं, पण करायचं नाही. माजलाय." बघा, पक्ष्याचा डोळा दिसणारा अर्जुन आणि वाऱ्यासारखं मन, दोन्ही एका पोरात. पण त्या पोराला कृष्ण भेटला नाही, छडी भेटली. आणि लहानपणी ज्याला रोज सांगितलं जातं की तू आळशी आहेस, तो मोठेपणी स्वतःलाच ते सांगायला लागतो. बाहेरची छडी थांबते, आतली थांबत नाही.

बावीस वर्षांचा होतो. एका वरातीत मित्रांनी पेला हातात दिला. माय-बाप, खरं सांगतो, ती पहिली वेळ मला अजून आठवते. डोक्यात जन्मापासून जत्रा भरलेली होती, पाळणे, पिपाण्या, हाका. दोन घोट गेले आणि ती जत्रा उठली. सगळीकडं शांत. मला वाटलं, बाकीच्या माणसांना रोज असंच वाटत असणार! मी तर धन्य झालो.

दारू वाईट, एवढंच सांगून भागत नाही बाबांनो. पिणाऱ्याला ती पहिल्यांदा चांगलीच वाटलेली असते. त्याला काहीतरी मिळालेलं असतं. त्याला मिळते शांती, पण ती उसनी. सावकाराकडून आणलेल्या पैशासारखी. आज हातात नोट येते, तेव्हा सावकार देवमाणूस वाटतो. मग व्याज सुरू होतं.

व्याज कसं, ऐका. पहिलं व्याज झोपेचं. पिऊन माणूस लवकर आडवा होतो, म्हणून त्याला वाटतं दारूनं झोप लागते. पण अंगातली दारू उतरायला लागली की झोप मोडते. पहाटे तीनला टक्क डोळे उघडे. पहिल्या प्रहरी गुंगी आणि उरलेल्या रात्री तळमळ. दुसरं व्याज सकाळचं. रात्री जी भीती दाबली होती ती दुप्पट होऊन उठते. छाती धडधडते, हात थरथरतात, कुणी हाक मारली तरी दचकायला होतं. तिसरं व्याज आठवणीचं. आधीच विसरभोळा, त्यात काल काय बोललो तेही आठवत नाही. चौथं व्याज रागाचं आणि उदासीचं. आणि हे सगळं फेडायला संध्याकाळी पुन्हा त्याच सावकाराच्या दारात.

आमच्या घरी खुंटीवर माळ असायची. गळ्यातली तुळशीची माळ काढायची, खुंटीला टांगायची आणि मग प्यायला बसायचं. सकाळी आंघोळ करून पुन्हा घालायची. मला वाटायचं, मी देवाचा मान राखतोय! आमच्या मंडळींनी एकदा विचारलं, "माळ खुंटीला टांगता, तसं घर कुठं टांगता?" मी उत्तर दिलं नाही. ताट भिरकावलं.

आणि मग ती यात्रा. हीच, आईची. थोरला मुलगा सहा वर्षांचा. त्याचा हात माझ्या हातात होता. मित्र दिसला, म्हटलं दोन मिनिटं, पोराला म्हटलं इथंच थांब. दोन मिनिटांचे किती तास झाले मला ठाऊक नाही. शुद्धीवर आलो ते मंडळींच्या हाकेनं. पोरगं कुठाय?

माय-बाप, यात्रेच्या गर्दीत सहा वर्षांचं पोर. रात्री आम्ही सगळे धावतोय. शेवटी ते सापडलं एका कासारणीच्या पालात. तिनं त्याला रडू नये म्हणून बांगड्यांचा पसारा पुढ्यात दिला होता आणि ते पोर रंगाप्रमाणं बांगड्या लावत बसलं होतं. तिथं तास दीड तास हललं नव्हतं म्हणे. मी पुढं झालो, हात पसरले. पोरानं माझ्या तोंडाचा वास ओळखला आणि आईच्या पदरामागं गेलं.

(क्षणभर थांबून) विठ्ठल, विठ्ठल.

त्याच रात्री आईपुढं शपथ घेतली. आठ दिवसांत मोडली. आषाढीला पंढरपुरात कळसाकडं बघून घेतली, परतीच्या वाटेवर मोडली. तिसऱ्यांदा म्हटलं, आता मरेन पण पिणार नाही, आणि एका दिवसात पूर्ण बंद केली. हे ऐका, कारण इथं चूक केली तर जीव जातो. पहिल्या दिवशी घाम, थरथर. दुसऱ्या रात्री फिट आली. तिसऱ्या रात्री मला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली, नसलेली माणसं बोलायला लागली. घरचे म्हणाले, बाहेरचं काहीतरी लागलंय, उतारा करू. थोरला भाऊ शहाणा. तो म्हणाला, उतारा नंतर, आधी दवाखाना.

डॉक्टर भावाला म्हणाले, "इतकी वर्षं रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम सोडायची नसते. मेंदूला सवय झालेली असते. अचानक काढून घेतली की मेंदू उसळतो. आम्ही औषधं देऊन ती पायरी पायरीनं उतरवतो." म्हणून सांगतो, जो थोडी पितो त्यानं आज सोडावी. पण जो रोज भरपूर पितो, सकाळी उठल्यावर ज्याचे हात घोट घेतल्याशिवाय स्थिर होत नाहीत, त्यानं डॉक्टरला दाखवूनच सोडावी. नुसत्या शपथेवर नाही. डोंगर पायऱ्यांनी उतरायचा असतो, उडी मारून नाही.

त्यानंतरची गोष्ट अजून महत्त्वाची. मुलगा शाळेत गेला, आणि तीच कथा पुन्हा. वळवळ, विसरणं, अर्धवट वह्या. मी हात उचलणार, तेवढ्यात त्याच्या शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला, "याला मारू नका. एकदा मुलांच्या मनाच्या डॉक्टरांना दाखवा." घेऊन गेलो. डॉक्टर मुलाबद्दल विचारत होते आणि मंडळी प्रत्येक प्रश्नाला म्हणत होत्या, "हे तर यांच्यात पण आहे." शेवटी डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडं वळवली.

त्या दुखण्याला एडीएचडी म्हणतात. नाव इंग्रजी आहे, पण मूल आपल्याच घरातलं असतं. यात लक्ष नसतं असं नाही. लक्षाला लगाम नसतो. जिथं गोडी आहे तिथं ते चिकटतं, आणि जिथं लावायचंय तिथं लागत नाही. मेंदूची घडणच तशी असते. हे लहानपणापासून असतं, पुष्कळदा घराण्यात चालत येतं, आणि बऱ्याच जणांमध्ये मोठेपणीही राहतं. पोरांमध्ये वळवळ दिसते. पोरींमध्ये बऱ्याचदा वळवळ दिसत नाही, नुसतं हरवलेपण दिसतं, म्हणून त्यांच्याकडं कुणाचं लक्षच जात नाही. यात आईबापाचा दोष नाही, पोराचं पाप नाही, मागच्या जन्माचं काही नाही.

डॉक्टरांनी मला वाड्याचं उदाहरण दिलं. कपाळाच्या मागं मेंदूचा एक भाग असतो, तो वाड्यातला कारभारी. आधी हे कर, मग ते कर, आता थांब, हे बोलू नको, असे हुकूम तो देतो. तुमचा कारभारी हुशार आहे, पण त्याला डुलकी फार लागते. आणि दारू वाड्यात शिरली की सगळ्यात आधी कारभाऱ्यालाच झोपवते. ज्याचा कारभारी आधीच डुलक्या घेतोय, त्यानं त्यालाच गुंगी द्यायची, मग वाड्यात राहिलं काय?

तेव्हा मला उलगडलं. मी मजा म्हणून पीत नव्हतो. डोक्यातला कलकलाट थांबवायला, आतली छडी थांबवायला पीत होतो. मी स्वतःवर औषध करत होतो, आणि औषध चुकीचं होतं. अशा घडणीच्या माणसाला व्यसन लागण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. याचा अर्थ प्रत्येक पिणाऱ्याला हे दुखणं आहे असा नाही, आणि हे दुखणं असलेला प्रत्येक जण पितो असाही नाही. कुणी घरी जाऊन "मला एडीएचडी आहे म्हणून पितो" असं म्हणू नका! ते डॉक्टरनं तपासून सांगायचं असतं. आणि तेही नीट कळायला आधी दारू थांबावी लागते. पाणी गढूळ असताना तळ दिसत नाही. दारू आणि मनाची औषधं एकत्र घेणं तर धोक्याचंच.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, कीर्तनात डॉक्टर कुठून आले? नामानं सगळं होत नाही का?

गाडगेबाबांना विचारा. बाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील झिंगराजी. त्यांना दारूचं व्यसन लागलं, त्यात घर गेलं आणि बाबा लहान असतानाच तेही गेले. आईला पोर घेऊन भावाच्या दारात यावं लागलं. ज्या पोराचा बाप दारूनं नेला, ते पोर मोठं झालं, लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला जातीच्या रीतीप्रमाणं दारू आणि मटणाचं जेवण द्यायचं होतं. सगळे वाट बघत बसले होते. त्या तरुणानं गोडाचं जेवण वाढलं. पाहुणे नाराज झाले, पण तो हलला नाही. पुढं गावोगाव कीर्तन केलं त्याची सुरुवात, माझ्या मनाला वाटतं, त्या पंगतीत झाली. तिथं टाळ नव्हता, मृदंग नव्हता. नुसतं एक नाही म्हणणं होतं, आणि आपल्याच माणसांपुढं नाही म्हणणं सगळ्यात अवघड असतं.

त्याच बाबांनी आपल्या संदेशात भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी सांगितलं, तसं रोग्याला औषधोपचार सांगितला. रोग्याला नवस सांगितला नाही. म्हणून औषध घेणारा कमी भक्त आणि न घेणारा मोठा भक्त, हे डोक्यातून काढा. चष्मा लावून ज्ञानेश्वरी वाचली तर पुण्य कमी होतं का? मग मनाच्या औषधाचीच लाज का?

नाम काय करतं मग? सांगतो. त्यासाठी आपल्या औंधातलीच एक गोष्ट.

आपले राजे, भवानराव पंतप्रतिनिधी. 1909 साली गादीवर आले. सूर्यनमस्कार म्हणजे औंध, ही ओळख त्यांची. स्वतः रोज घालायचे आणि संस्थानातल्या शाळांतल्या पोरांकडून घालून घ्यायचे. आणि तुम्हाला ठाऊक आहे, राजे स्वतः कीर्तनाला उभे राहायचे. त्यांच्या संस्थानात आटपाडी होती. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. 1939 च्या सुमारास आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची एक वसाहत उभी राहिली, स्वतंत्रपूर. पोलंड देशातून आलेले, गांधीजींच्या विचारांचे मॉरिस फ्रिडमन, ज्यांना भारतानंद म्हणत, त्यांनी ही कल्पना मांडली आणि राजांनी ती मान्य केली. खुनासारख्या गुन्ह्यातले कैदी, आणि तुरुंगाला भिंत नाही! पुढं व्ही. शांताराम यांनी 1957 साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला, त्याचं मूळ इथलं.

भिंत नाही, मग कैदी पळाले कसे नाहीत? मी याचं चिंतन केलं तेव्हा मला असं दिसलं की भिंतीची जागा दुसऱ्या गोष्टींनी घेतली. रोजचं शेतातलं काम. बरोबरची माणसं. आणि कुणीतरी टाकलेला विश्वास.

व्यसन सुटलेल्या माणसाचंही असंच आहे. त्याला कोंडून किती दिवस ठेवाल? खिसे तपासाल, दाराला कुलूप लावाल, पण रस्ते मोकळे आहेत आणि दुकानं उघडी आहेत. त्याला भिंतीवाचून राहायचंय. म्हणून त्याला काम पाहिजे, सोबत पाहिजे, विश्वास पाहिजे. आणि चंचल मनाच्या माणसाला तर जास्तच पाहिजे, कारण त्याच्या आतला कारभारी डुलक्या घेतो, तर बाहेरून कुणीतरी वेळेवर हाक मारायला हवी.

आता आपली दिंडी डोळ्यांपुढं आणा. दिंडी म्हणजे काय? पहाटे ठरल्या वेळी उठायचं, ठरल्या क्रमानं चालायचं. प्रत्येकाला जागा, प्रत्येकाला काम. पताकावाल्याला पताका, विणेकऱ्याला वीणा, टाळकऱ्याला टाळ. एकादशीला उपास, द्वादशीला पारणं. चालायला पाय, वाजवायला हात, म्हणायला तोंड, आणि दोन्ही बाजूला माणूस. वळवळणाऱ्या पोराला याहून चांगली जागा कुठं मिळणार? चंचलाला दामटून बसवू नका, त्याच्या हातात टाळ द्या आणि चालवा. नामाचं काम हे आहे. नाम औषधाच्या जागी बसत नाही, ते औषधाचा हात धरून चालतं.

आमच्या घरी काय केलं ते सांगतो. पहिलं, दारू पूर्ण बंद, डॉक्टरच्या देखरेखीखाली. "थोडी चालते" हा शब्द काढून टाकला. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2023 साली सांगितलं आहे की तब्येतीला निर्धोक म्हणावी अशी दारूची मात्राच नाही. दुसरं, झोप ठरलेल्या वेळी. याच सहाव्या अध्यायात देवांनी आहार आणि झोप प्रमाणात हवी असं सांगितलं, ते आम्ही फार वर्षं नुसतं वाचत होतो. तिसरं, कामाचे तुकडे. मोठं काम दिसलं की माझं मन पळतं, म्हणून एका वेळी एकच काम, ते कागदावर लिहून भिंतीला. चौथं, संध्याकाळी सहा ते आठ ही माझी घातवेळ, त्या वेळेत मृदंग. हात रिकामे ठेवायचे नाहीत. आणि पाचवं, शपथ फक्त आजची. जन्माची शपथ मला पेलली नाही. आजची पेलते. उद्या सकाळी पुन्हा आजच असतो.

आणि जो पुन्हा घसरला, त्याला सांगतो. वाटेत दिंडी चुकली म्हणून कुणी पंढरपूर सोडून घरी जातं का? पुढच्या मुक्कामाला गाठायची. घसरलास तर त्याच रात्री कुणाला तरी सांग. लपवलंस तर ती एक रात्र दहा रात्रींची होते.

घरच्या माऊलींनो, तुम्हाला एक हात जोडून विनंती. त्याच्या पिण्याचा दोष स्वतःवर घेऊ नका. तो प्यायलेला असताना भांडू नका, ते दारूशी भांडणं होतं. सकाळी, शुद्धीत असताना, एकदाच आणि नीट सांगा. मारझोड होत असेल तर आधी स्वतःला आणि लेकरांना वाचवा, त्यात पतिव्रतेचा काही भंग होत नाही. आणि मदत मागा. जिल्हा रुग्णालयात मनाच्या दुखण्यावर उपचार होतात. पुण्याला मुक्तांगण आहे, 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी त्याला हात दिला. दारू सोडलेल्या माणसांनीच एकमेकांना धरून ठेवायचं, अशा अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा मराठीतून होतात. ते काम 1935 साली अमेरिकेत दोन पिणाऱ्या माणसांनी एकमेकांशी बोलण्यातून सुरू झालं. त्यालाही आपण सत्संगच म्हणू. आणि रात्री-बेरात्री मन फार खचलं, जगू नये असं वाटलं, तर 14416 हा सरकारचा टेलिमानसचा फोन आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. व्यसनासाठी 14446. हे आकडे देवघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

या पौषाला मला नऊ वर्षं झाली. माझं मन शांत झालं का? नाही माय-बाप. खोटं कशाला सांगू. आजही इथं उभा असताना मला मंडपाबाहेरच्या पाळण्याचा आवाज येतोय आणि मन दोनदा तिकडं जाऊन आलं. डोक्यातली जत्रा उठलेली नाही. पण आता जत्रेत माझ्याजवळ माझी माणसं आहेत, आणि मी त्यांचा हात सोडत नाही.

माझ्या मागं मृदंगावर जो मुलगा बसला आहे, तो कासारणीच्या पालातला. औषध वेळेवर घेतो, शाळा कशीबशी पण पुरी केली, चप्पल अजून विसरतो. आज डोंगर चढताना म्हणाला, "आप्पा, पुढं चला, मी आहे मागं." मी काही बोललो नाही. पुढं चालत राहिलो.

खुंटीवरची माळ आता गळ्यात आहे. तुमच्या घरात अशी एखादी खुंटी असेल, तर आज घरी जाऊन तिच्याकडं बघा. त्या माणसाला ओरडू नका. आधी देवांनी अर्जुनाला म्हटलं तसं म्हणा, होय, अवघड आहे, मला कळतं. मग त्याच्याजवळ बसा आणि उद्या सकाळी त्याला घेऊन दवाखान्याची वाट धरा.

आई यमाई सगळ्यांच्या घरातला कलकलाट सोसण्याचं बळ देवो. सेवेत काही कमी-जास्त बोललो असेन तर पदरात घ्या.

पुंडलिक वरदे हारी विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम. पंढरीनाथ महाराज की जय. यमाईदेवीचा उदो उदो.